कंपनीच्या कार्डावरची बायको

उदयने कागद टेबलावर ठेवले. "दोघांच्या संमतीचा अर्ज आहे. कोर्टात भांडण नको."

विनिताने कागद उचलले. घटस्फोटाचा अर्ज होता. त्यात रसिकाचं नाव नव्हतं, पण उदयच्या ऑफिसातली रसिका अवधपुरीतल्या अख्ख्या कॉलनीला ठाऊक होती.

"कारण काय लिहिलंयस?"

"तुझं आजारपण. मी तरी किती वर्षं दवाखान्याच्या चकरा मारायच्या?"

विनिताला हसू आलं. वजन कमी करायचं ऑपरेशन त्याच्याच हट्टापायी झालं होतं. कारखान्यातल्या साहेबांच्या पार्टीला जाड बायको न्यायची त्याला लाज वाटायची. ऑपरेशननंतर जन्मभर तब्येत सांभाळावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा, "ते घाबरवतातच गं," म्हणत त्यानेच तिला गप्प केलं होतं. जठर लहान केलं, वजन उतरलं. वर्षभर तो तिला मिरवत फिरला. मग पित्ताशयात खडे झाले. पुढे आतडं अडकलं आणि पुन्हा पोट उघडावं लागलं. गोळ्यांतलं लोह अंगी लागेना, ते सलाइनमधून घ्यावं लागायचं. वर इंजेक्शनं आणि तपासण्या होत्याच.

"मी सही करणार नाही."

"फ्लॅट तुझ्या नावावर करतो."

"तो विकून किती वर्षं सलाइन घेऊ? बायको आहे तोवर खर्च कंपनी करते. तू रिटायर झाल्यावरही करेल. घटस्फोट झाला की कंपनीच्या मेडिकल कार्डावरून माझं नाव कटलं."

"म्हणजे नुसत्या त्या कार्डासाठी?"

"नाही," विनिता म्हणाली. "खर्चाचं काहीतरी निभावलं असतं. तुला सुटू द्यायचं नाही, म्हणून."

तो रागाने अशोका गार्डन वस्तीत खोली घेऊन राहिला. रसिकाने काही वर्षं वाट पाहिली, मग कंटाळून दुसऱ्याशी लग्न करून नागपूरला गेली. उदय बॅग घेऊन परत आला. विनिताने दार उघडलं आणि ती एवढंच म्हणाली, "उद्या सलाइन आहे. रजा टाक."

दवाखान्यात तो तिच्या कॉटशेजारी स्टुलावर बसला. हळूच म्हणाला, "विनू, आता तरी माफ कर. आपण नीट राहू."

"सिस्टरला बोलाव. बाटली संपत आली."

तो मुकाट्याने उठला. पाठीत वाकलेला, केस पिकलेले. त्याची दया यायला हवी होती, असं तिला वाटून गेलं. पण दया आली नाही. तिने डोळे मिटून घेतले आणि कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.