सासऱ्यांनी दिलेलं नाणं

"बाबा, आज तो दुकानात येतोय. नीट बोला हं," मुलगी म्हणाली. जसा काही मी चावतो! तीस वर्षं जुन्या नाण्यांचं दुकान चालवतोय, गिऱ्हाइकांशी गोडच बोलतो. पण हे गिऱ्हाईक नव्हतं, माझी मुलगी मागायला येणार होतं. कारखान्यात प्रेसवर पितळी बिल्ले ठोकतो म्हणे. म्हटलं येऊ दे, बघू किती पाण्यात आहे.

आला. कडक इस्त्रीचा शर्ट, पण नखं तेलकट. चहा यायच्या आतच मी पाच नाणी त्याच्यापुढे मांडली. पाचांवरही अक्षरं दुहेरी दिसतात.

"नाणं छापायचा ठसा घडवतानाच त्यावर अक्षर दोनदा उमटलं असेल, तर ते नाणं अस्सल. लोक त्यासाठी भांडतात. छापताना ठसा नुसता हलला असेल, तर मशीनची चूक, त्याला कुत्रं विचारत नाही. सांग आता, कुठलं काय?"

मुलीने कपाळावर हात मारला.

त्याने भिंग डोळ्याला लावलं, नाणी दिव्याखाली तिरकी केली आणि चार पटापट सांगितली. चारही बरोबर! पाचवं मखमली डबीतलं. मी हिच्या आईला मागायला गेलो, तेव्हा सासऱ्यांनी माझ्या हातावर ठेवलेलं. ते दुकानाचं भूषण. त्यावर मात्र त्याला घाम फुटला. त्याने एकदा मुलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"काका, हेही मशीनचंच."

"काय?"

"अस्सल असतं तर दोन्ही अक्षरं गोलसर, उठलेली दिसली असती. इथे दुसरं पायरीसारखं सपाट आहे. कडा दाबली गेलीय, म्हणून अक्षरही बारीक झालंय. आमच्याकडे ठसा सैल झाला की बिल्ल्यावर असंच येतं."

माझं डोकंच फिरलं. "माझ्या सासऱ्यांची अक्कल काढतोस? ऊठ!"

तो उठला. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "उठतो काका," तो म्हणाला, "पण नाणं मशीनचंच आहे."

मी भिंग हिसकावलं. खरं सांगू? या नाण्याला मी कधी भिंगच लावलं नव्हतं. सासऱ्यांची भेट कोण तपासतं! बघितलं, तर सपाट. चांगलं ढळढळीत सपाट.

चहा घेऊन आलेली बायको दारातच हसत सुटली. "माझ्या बाबांना माहीत होतं. तुम्ही तोंडावर खरं बोलता का, ते बघत होते. आणि तुम्ही न बघताच म्हणालात, 'व्वा, काय अस्सल ठसा!'"

"मग तुला दिली कशी मला?"

"मी दोन दिवस जेवले नाही म्हणून."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही किती खूश होतात!"

मला लाजही वाटली आणि हसूही आलं. तिने पहिला कप त्याच्यापुढे ठेवला. मी डबी बंद करून त्याच्या तेलकट हातात दिली.

"बस, चहा घे. आणि ही जपून ठेव. तुझी मुलगी मागायला कोणी आला की काढ."