माझ्या पाठीतली करकर

मित्रांनो, मी एक जुना, लाकडी आणि जन्मजात घाबरट अ‍ॅम्प्लिफायर आहे. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र. माझे काही भाऊबंद कपाटाएवढे असतात आणि मैदाने दणाणून सोडतात. मी मात्र जेवणाच्या डब्यापेक्षा थोडासाच मोठा. डोक्यावर चामड्याची मूठ, पोटात एक स्पीकर आणि पुढे दोन बटणे. कुणीही उचलावे आणि चालू लागावे. माझ्या जिवाला घोर लागतो तो त्यामुळेच. ज्याला कुणीही सहज उचलू शकतो, त्याला कुणीही सहज टाकूनही देऊ शकतो.

मला दोन मित्रांनी मिळून घडवले, एक सुतार आणि एक रेडिओ दुरुस्त करणारा. सुताराने मोडक्या टेबलाच्या सागवानी फळ्या तासून माझे अंग तयार केले. पाठीला लाकूड कमी पडले, तेव्हा त्याने खोक्याची हलकी फळी ठोकली आणि म्हणाला, पाठ कोण बघतंय! मग रेडिओवाल्याने तापलेल्या सळईने माझ्या पोटातल्या वायरींना डाग दिले. तेव्हा मला वाटले, आपण जन्मत आहोत की मरत आहोत? थोड्या वेळाने कुणीतरी तार छेडली आणि माझ्या तोंडून सूर निघाला. सर्वांत जास्त मीच दचकलो.

गिटार शिकवणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतले. त्या स्कूटरवर पुढे मला ठेवून घरोघरी शिकवायला जात. प्रत्येक घरातली मुले माझी बटणे पिळून पाहत. मी मनातल्या मनात देवाचा धावा करी, पण खरे सांगतो, ते दिवस चांगले होते. पुढे बाईंचे गुडघे थकले. त्या आपल्या मुलीकडे राहायला गेल्या आणि मी जुन्या फर्निचरच्या दुकानात येऊन पडलो. तिथे माझी पाठ एका किडक्या कपाटाला टेकलेली होती. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, असे म्हणतात ना? मला तो गुण लागला. तेव्हा मात्र मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या दुकानातून मला सोडवले काकांनी. काका दातांच्या कवळ्या बनवतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे कामाचे टेबल आहे. त्यावर प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, स्पिरिटचा दिवा आणि कुणाकुणाचे हसरे जबडे मांडलेले असतात. टेबलासमोरच्या लांब फळीवर माझ्यासारखे छोटे लाकडी अ‍ॅम्प्लिफायर ओळीने बसलेले. काकांना त्यांचा नाद. काम संपले की रोज संध्याकाळी ते एकाला खाली उतरवत, गिटारची वायर जोडत आणि हलक्या हाताने वाजवत. रोज एकाची पाळी. कुणाच्या पाळीत लबाडी नाही. काकू स्वयंपाकघरातून म्हणत, "बायकोला एवढ्या नियमाने विचारलं असतंत तर!" काका हसत आणि वाजवत राहत.

दोन वर्षे सुखाची गेली. मग एका दुपारी काकाकाकू जेवून पडले होते, रस्ता शांत होता, आणि मला माझ्याच पाठीतून आवाज आला. करकर. थोडा वेळ शांत. पुन्हा करकर.

मित्रांनो, तुम्हाला काही होत असेल तर तुम्ही हाक मारू शकता. मला तार छेडल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. आणि तार छेडली की त्या सुरात ती बारीक करकर बुडून जाई. मी दिवसभर ती ऐकत बसे. जणू कुणी माझ्यात बसून निवांत जेवत होते. आज पाठ, उद्या कूस, परवा काय? भीतीने जीव मुठीत धरावा, तर माझी मूठ डोक्यावर आणि कुरतडणारे आत बसलेले.

शेवटी माझी पाळी आली, तेव्हा जाड तारेच्या सुरात एक खरखर उमटली. पाठीची फळी आतून इतकी सैल झाली होती, की ती थरथरू लागली होती. काका थांबले. मला वाटले, सुटलो! आता ते मला उलटे करतील, पाठ पाहतील.

काकांनी डोळे मिटले आणि तोच सूर पुन्हा वाजवला.

"अगं, इकडे ये," त्यांनी काकूंना बोलावले. "ऐक जरा."

"खरखरतोय की," काकू म्हणाल्या.

"खरखर नाही गं. लाकूड पिकलंय. असा आवाज यायला वर्षं जावी लागतात."

मी हादरलो. हे लोक जुन्या आवाजाचे वेडे असतात, मित्रांनो. नव्या कोऱ्या स्वच्छ सुरापेक्षा त्यांना थोडा फाटका, थोडा दमलेला सूर आवडतो. काकांनी त्यांच्या पोस्टमन मित्राला बोलावले. त्यालाही हाच नाद. त्याने मान डोलावली, पुन्हापुन्हा तोच सूर वाजवायला लावला आणि माझ्या बदल्यात आपले दोन देऊ केले. काकांनी साफ नकार दिला. मला फळीच्या मधोमध, मानाच्या जागी बसवले. माझी पाळी आता एक दिवसाआड येऊ लागली. उरलेले सगळे माझ्याकडे पाहत असावेत असे वाटून मला लाजही वाटे.

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवले जात होते आणि बुंधा आतून पोखरला जात होता. खरखर जितकी वाढे, तितकी वाहवा वाढे. आयुष्यात एवढे कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते आणि एवढी भीतीही मला कधी वाटली नव्हती.

काकू रोज सकाळी फळी पुसत. माझ्या पायाशी पिठासारखी बारीक भुकटी पडलेली असे. त्यांना वाटे, हे काकांचे प्लास्टर. त्यावरून त्या काकांना रोज दोन शब्द सुनावत. काका निमूट ऐकून घेत, कारण प्लास्टर त्यांच्या भुवयांतसुद्धा असे. मग एकदा काका कामासाठी परगावी गेले. टेबल झाकलेले, प्लास्टरचा डबा बंद. तरी दुसऱ्या दिवशी माझ्या पायाशी भुकटी होतीच. काकूंनी ती बोटावर घेतली, उजेडात धरली आणि माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी मला उचलून उलटे केले. पाठीवरच्या बारीक भोकांतून भुकटीची धार लागली.

काका परत आले, तेव्हा काकूंनी त्यांना पिशवीही खाली ठेवू दिली नाही. "अहो, याला भुंगा लागलाय," त्या म्हणाल्या.

काकांनी कवळी तपासायची सळई घेतली आणि एका भोकात घातली. सळई आत गेली आणि जातच राहिली. काका खुर्चीत बसले.

ओळखीचा सुतार येऊन पाहून गेला. बाकीचे सगळे शाबूत आहेत तोवर याला जाळून टाका, असे त्याने सांगितले. त्याचे काही चुकले नव्हते. मला मागच्या अंगणात, जिथे पालापाचोळा जाळत, तिथे नेऊन ठेवले. शेजारी काळी पडलेली माती. काका काडेपेटी घेऊन आले, माझ्याकडे पाहिले आणि परत आत गेले. थोड्या वेळाने पुन्हा आले. मित्रांनो, त्या दोन खेपांमध्ये मला जे वाटले, ते मी सांगूच शकत नाही.

दुसऱ्या खेपेला मागून काकू आल्या.

"पिठात किडे दिसले तर मी पीठ जाळते का?" त्यांनी विचारले.

"मग काय करतेस?"

"फ्रीजरमध्ये ठेवते. आठ-पंधरा दिवसांत सगळे मरतात."

"हा मावणार आहे का आपल्या एवढ्याशा फ्रीजरमध्ये?"

"माझ्या भावाच्या मावेल."

काकूंच्या भावाचे आइस्क्रीमचे दुकान होते. काकांनी माझा स्पीकर काढला, वायरी काढल्या, बटणे काढली आणि टेबलावर कापडात गुंडाळून ठेवली. मी मात्र नुसते खोके होऊन प्लास्टिकमध्ये गुंडाळलो गेलो. सूर टेबलावर आणि अंग वाटेवर. यातला मी कोणता, हे मलाच कळेना.

"दाजी, गिऱ्हाइकाने विचारलं तर काय सांगू?" मेव्हण्याने विचारले.

"नवा फ्लेवर म्हणून सांग," काका म्हणाले.

मग झाकण बंद झाले. अंधार आणि गारठा. आइस्क्रीमच्या डब्यांमध्ये मी पडून होतो. करकर हळू झाली, तुटक झाली आणि एकदाची थांबली. मला आनंद व्हायला हवा होता. पण ती थांबली की मीच थांबलो, हे सांगणारे तिथे कुणी नव्हते.

मला बाहेर काढले ते काकांनीच. गुंडाळलेलेच ठेवून मला सावकाश गरम होऊ दिले. मग त्यांनी प्रत्येक भोक कवळीच्या हिरड्यांसाठीच्या गुलाबी मेणाने बुजवले, आतून नवी पट्टी चिकटवली, स्पीकर परत बसवला. माझ्या पाठीवर आता गुलाबी ठिपके आहेत. काकू म्हणाल्या, गोवर आल्यासारखा दिसतोय.

काकांनी गिटारची वायर जोडली आणि जाड तार छेडली.

खरखर गेली होती. साधा, सरळ सूर निघाला, बाईंच्या स्कूटरवरून हिंडायचो तेव्हाचा. काकांनी पुन्हा छेडली. त्यांचा चेहरा उतरला. ज्या आवाजासाठी त्यांनी मित्राला नाही म्हटले, तो आता माझ्याकडे नव्हता. आता मला कशाला ठेवतील?

"आधीचा आवाज गेला," काका म्हणाले.

काकू दारात उभ्या होत्या. "तो त्याचा आवाज नव्हताच," त्या म्हणाल्या. "त्याला खाणाऱ्यांचा होता."

काकांनी गिटार बाजूला ठेवली आणि माझे बटण बंद केले. मला वाटले, आता पुन्हा अंगण. पण त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले, उलटे केले आणि माझ्या पाठीला कान लावला. कितीतरी वेळ ते तसेच बसून होते. आत शांत होते. त्या शांततेत मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, तर ती छान वाजते म्हणून तिचे कौतुक जरूर करा. पण कधीतरी ती बंद करा, तिच्या पाठीला कान लावा आणि नुसते ऐका. आम्ही घाबरलेले असतो. आम्हाला सांगता येत नाही.