चौकातला फ्लेक्स

"आपली डॉक्टरीण हाय की हितं! सरका, सरका!"

कोडोलीच्या दूध संस्थेत सकाळच्या रांगेतून कुणीतरी स्वप्नालीला पुढं ढकललं. फरशीवर शेजारचे केरबातात्या पडले होते, कलंडलेल्या किटलीतून दूध वाहत होतं. एकजण कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरत होता. स्वप्नालीनं मानेवर बोटं ठेवली. ठोका लागेना.

ती मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला. गावानं मात्र ॲडमिशन मिळाली त्याच दिवशी तिला डॉक्टर करून टाकलं होतं. चौकात फ्लेक्स लागला, तोही तात्यांच्या हौसेनं. गळ्यात उसना स्टेथोस्कोप घातलेली ती, आणि कोपऱ्यात 'शुभेच्छुक' म्हणून फेट्यातले तात्या. खरं तर छाती दाबणं तिला कॉलेजातल्या रबरी पुतळ्यावरच ठाऊक, तेही नंबर आला तेव्हा एकदाच. नीट दाबलं की पुतळा 'टक्' वाजायचा आणि मैत्रिणी टाळ्या पिटायच्या.

"ॲम्ब्युलन्सला फोन लावा!" ओरडून ती गुडघ्यांवर बसली आणि दाबू लागली. 'टक्' काही वाजेना. तिनं सगळा भार टाकला, आणि तळव्याखाली काहीतरी कडकन मोडलं.

तिनं हात उचलले. मीच मारलं यांना, एवढंच तिच्या मनात आलं.

"थांबलीस का गं?" तात्यांची बायको बायडाबाई ओरडली.

"काकी, बरगडी मोडली..."

"मोडू दे की! बरगडी जुळंल, माणूस न्हाय जुळायचा. दाब!"

गाडी येईपर्यंत ती दाबत राहिली. मोडलेलं हाड प्रत्येक वेळी हाताला लागत होतं. भीतीनं तिला रडूही येईना.

दवाखान्यात डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "बरगड्या मोडतातच. तू बरोबर केलंस," ते म्हणाले. ती मधे थांबली होती, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी चौकात त्याच सांगाड्यावर नवा फ्लेक्स चढला. आता तात्या मधोमध, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली शोकाकुलांत पहिलंच नाव 'डॉ. स्वप्नाली'. ती थेट बायडाबाईकडे गेली.

"काकी, माझ्या नावाम्होरलं डॉक्टर पुसाय सांगा. मी मधी थांबलो हुतो."

"बघितलंय की म्या." बायडाबाईनं तिचे हात हातात घेतले. "ऱ्हाऊ दे ते. ह्यांची लई हौस हुती. फुडच्या येळंला मातर थांबू नगंस."

मग बायडाबाईनं किटली उचलली आणि ती संस्थेत दूध घालायला निघाली.