गोष्ट सांगणाऱ्यांची खुर्ची

मित्रांनो, वाचनालयाच्या माळ्यावर, मोडका पंखा आणि जुन्या मासिकांचे गठ्ठे यांच्यामध्ये जी लाकडी खुर्ची पडून आहे, ती मी. आता माझ्यावर धुळीशिवाय कुणी बसत नाही. पण एके काळी दूरदूरच्या मुलखांतून आलेली माणसे माझ्यावर बसत आणि त्यांना ऐकायला लोक दारापर्यंत दाटीवाटीने उभे राहत.

एका पाडलेल्या शाळेच्या दारांच्या लाकडातून एका सुताराने मला घडवले. तो काचकागदाने मला इतका घाशी की त्याची बायको वैतागून म्हणे, "अहो, पुरे की आता! खुर्ची करताय की आरसा?" तो नुसता हसे आणि पुन्हा घासायला लागे.

वाचनालयाच्या बाईंनी मला खिडकीपाशी ठेवले आणि सगळ्यांना बजावले, "ही पेपर वाचायची खुर्ची नाही हं. जो लिहितो आणि ज्याच्याकडे आपल्या मुलखाची गोष्ट आहे, त्यानेच हिच्यावर बसायचं." मग दर शनिवारी दुपारी कुणी ना कुणी येऊ लागले. समुद्रावरच्या कथा लिहिणारा एक कोळी आला. त्याच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा वास होता. डोंगराळ देशातली एक परिचारिका आली. तिच्या कथेतला म्हातारा मेंढपाळ बर्फात हरवला, तेव्हा जन्मात बर्फ न पाहिलेली मुलेसुद्धा श्वास रोखून बसली. कथा संपली की लोक त्यांना घरचे काय, पाण्याचे काय, आईबापांचे काय असे विचारत बसत. मला तर वाटे, माझे चारही पाय चार देशांत आहेत.

वाचनालयात रोज एक आजोबा पेपर वाचायला येत. आयुष्यभर बस चालवलेली, म्हणून सगळे त्यांना ड्रायव्हरआजोबा म्हणत. त्यांच्या वरच्या मजल्यावर परमुलखातून आलेली एक शिवणकाम करणारी बाई राहायला आली आणि आजोबांचे डोके फिरले.

"दुपारभर मशीन खडखडत असते हो तिची! छताला काठी आपटून आपटून हात दुखला माझा," ते वाचनालयाच्या बाईंना सांगत. "बोलायला जावं तर हिची भाषा वेगळी. कशाला येतात ही माणसं इकडे?"

बाई ऐकून घेत. एका शनिवारी मात्र माझ्यावर तीच शिवणवाली ताई येऊन बसली. ती आपल्या भाषेत कथा लिहिते, हे बाईंना ठाऊक होते. तिला पाहताच आजोबांनी पेपर तोंडासमोर धरला. अडखळत, शब्द शोधत ती कथा सांगू लागली.

कथेत एक आई होती. ती दिवसभर शिवणयंत्र चालवी आणि तिची मुलगी त्याच आवाजात झोपी जाई. पुढे मुलगी पोटासाठी परदेशी गेली. परत जायची वाट बंद झाली. नव्या घरात तिला शांतता खायला उठे. मग काम नसले तरी ती सुईत दोरा न ओवता मशीन चालवीत बसे. डोळे मिटले की आई शेजारच्या खोलीत आहे असे तिला वाटे.

ताई थांबली. आजोबांचा पेपर कधीच खाली आला होता.

"माझ्याकडे रेडिओ चालू असतो," ते एकदम म्हणाले. "ऐकत कुणीच नाही. आमची ही गेल्यापासून चालू ठेवलाय. ती स्वयंपाकघरात लावायची तसा."

ताईने डोळे पुसले. "ऐकू येतो मला. मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर चिडून मोठा करता."

"चिडून पण करायचो," आजोबांनी कबूल केले, आणि सगळे वाचनालय हसले. मग त्यांनी विचारले, "त्या आईचं पुढे काय झालं, पोरी?"

"अजून लिहिलं नाही. आई तिकडे, मी इकडे. लिहवत नाही."

"मग लिही की. मी आहे ना ऐकायला."

पुढच्या शनिवारी बाईंनी आजोबांनाच माझ्यावर बसवले. "मी कुठला लेखक!" म्हणत म्हणत ते बायकोबद्दल बोलले, तिच्या गाण्याबद्दल, तिच्या रुसण्याबद्दल. ताईने ते सारे आपल्या भाषेत कथा करून लिहिले. तिच्या देशातल्या मासिकात ती छापून आली. आणि एक दिवस ताई धावतच वाचनालयात आली.

"आजोबा, आईचा फोन होता! तिने तुमची गोष्ट वाचली. स्वतःचं काहीच बोलली नाही. विचारत होती, ते खालचे आजोबा एकटेच जेवतात का गं?"

आजोबा पेपराची घडी घालून उठले. मग म्हणाले, "तिला सांग, आज पोरीकडे जेवलो. चल, काय केलंयस?"

त्या आईची आणि आजोबांची भेट कधीच झाली नाही. ताईलाही तिकडे जाता आले नाही. पण आजोबा गेले तेव्हा तिकडे आईच्या घरात चूल पेटली नाही, असे ताईने बाईंना सांगितले. नंतर ताई दुसऱ्या शहरी गेली, बाई निवृत्त झाल्या, नव्या चकचकीत खुर्च्या आल्या आणि मी माळ्यावर चढले. खालून आवाज आला की मी अजूनही कान देते. पाने उलटल्याचे ऐकू येते, पण कुणी कुणाला "पुढे काय झालं?" असे विचारत नाही.

मित्रांनो, माझे सांधे अजून घट्ट आहेत. तुमच्या गल्लीत कुणी नवे राहायला आले असेल, त्याची भाषा तुम्हाला कळत नसेल, तर मला खाली न्या. ओल्या फडक्याने पुसा आणि त्याला बसवा. तो अडखळेल, शब्द शोधेल. त्याला घाई करू नका. त्याचे सांगून होईपर्यंत तुमच्यापैकी कुणी उठू नका, एवढेच माझे मागणे आहे.