बारागाड्यांत बसून गेलेला ताप

तापीकाठच्या आमच्या गावात त्या सकाळी तीनशे माणसं गोळा झाली होती आणि त्यातली निम्मी खोकत होती. साल होतं १९१८. इन्फ्लुएन्झाचा ताप घरोघर शिरला होता. शाळा बंद, म्हणून मी, तिथला मास्तर, मोकळा होतो. एकत्र जमू नका, असं आठवडाभर दारोदार सांगून माझा घसा बसला होता. पण चमत्कार बघायचा म्हटल्यावर घरात कोण थांबतो?

चमत्कार होता बारागाड्यांचा. आपल्या खानदेशात जत्रेला भगत बारागाड्या ओढतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधायच्या, त्यांत माणसं भरायची आणि एकट्यानं त्या ओढायच्या. पण हे जत्रेचे दिवस नव्हते आणि ओढणारा आमचा भगतही नव्हता. ते होते कुठूनसे आलेले गाडेश्वर महाराज. सोबत चार चेले.

"ऐका!" महाराज गरजले. "ज्याला ताप आहे त्यानं पहिल्या गाडीत बसावं, खोकला असेल त्यानं दुसऱ्या. ज्याला काहीच नाही त्यानं तिसऱ्या गाडीत बसावं, म्हणजे होणारही नाही! मी ताप ओढून नदीत बुडवतो. मात्र शेवटच्या गाडीच्या मागे कुणी थांबायचं नाही. सुटलेला ताप मागे पळतो आणि मागच्याला धरतो!"

मागे फक्त चेले थांबले. त्यांना म्हणे महाराजांचं कवच होतं.

महाराजांना हे पुण्य फुकट करायचं नव्हतं. मुंबईच्या एका निधीचं पत्र आलं होतं: गावात जी मंडळी आजाऱ्यांची सेवा करील, तिला दोनशे रुपये मिळतील, कोणती मंडळी, ते पाटलानं सही करून कळवावं. तालुक्याचा शिपाई सही न्यायला चावडीवर बसला होता. आमच्या मंडळीत गावातली छबूबाई, तिच्या चार शेजारणी आणि मी. आम्ही त्रेचाळीस घरांना पेज आणि उकळलेलं पाणी पोचवत होतो. तांदूळ आणखी दोनच दिवस पुरणार होता. आणि महाराजांनी रात्रीतून 'तापहरण मंडळी' काढली होती.

महाराजांनी कमरेला दोर बांधला, आरोळी ठोकली आणि पाय रोवले. पहिली गाडी कुरकुरली, मग दुसरी, मग तिसरी. बाराच्या बारा गाड्या नदीच्या वाटेनं चालू लागल्या! बायकांनी हात जोडले. एक म्हातारा तर गाडीत बसल्याबसल्याच बरा झाला आणि लगेच खोकला.

चुनीलाल पाटील महाराजांच्या मंडळीच्या नावानं सही करायला कागद घेऊन निघाले. मी आडवा आलो. "पाटील, जरा थांबा."

"मास्तर, मन्ही सून कोकिळा चार दिनपाईन आंथरुनवर शे," पाटील आमच्या अहिराणीत म्हणाले. "पेज पाजीसन ताप जास का? महाराजनी बारा गाड्या वढ्यात. तुम्ही एक तरी वढा!"

"एक कसाले, पाटीलबा?" छबूबाई पुढे आली. हाताला चुलीची राख तशीच. "बाराच्या बारा मी वढस. पन त्या आते खाले शेत. महाराज, तेवढ्या परत वर वढी लई या."

लोक हसले. महाराज हसले नाहीत.

"वेडी बाई! शक्ती ज्या दिशेला निघाली, त्याच दिशेला जाते."

मी हातातला तांब्या वाटेवर उपडा केला. पाणी क्षणभर थांबलं आणि नदीकडे पळालं. "पाण्याचीही तीच दिशा दिसते, महाराज."

डोळ्यांना न कळणारा उतार होता तो. आमच्या गावातला प्रत्येक माणूस गाडीवान. उतारावर बैल आवरत नाहीत, हे त्यांना मी काय शिकवणार? पण बैलाच्या जागी भगवं धोतर आलं आणि सगळे उतार विसरले.

छबूबाईनं ओढून दाखवावं म्हणून बैल जुंपून गाड्या वर आणल्या. बैलांच्या तोंडाला फेस आला. नवल गाडीवानानं चाकाच्या आसाला बोट लावून वास घेतला. "एरंडेल! एवढं तेल तर मी दिवाळीलेबी अंगले लावत नही."

"तो अभिषेक होता," एक चेला पुटपुटला.

छबूबाईनं पदर खोचला, दोर बांधला. चारही शेजारणी, मघाशी चेले थांबले होते तिथंच, शेवटच्या गाडीमागे रेटायला उघडपणे उभ्या राहिल्या.

"ताप धरी ना तुम्हले!" कुणीतरी ओरडलं.

"तो गया ना नदीमा?" छबूबाई म्हणाली. "आते कोठेन धरी?"

मागून रेटा, पुढून ओढ. गाड्यांमधले दोर सैल होते, म्हणून एकदम बारा गाड्या ओढाव्या लागत नव्हत्या. एक हलली की ती मागच्या गाडीला हिसका देई. कुरकुर, कुरकुर, आणि निघाल्या! इतक्या निघाल्या, की छबूबाई दोर सोडून बाजूला उडाली. गाड्या आपल्या आपण वाळूत जाऊन रुतल्या.

"बघा, हिच्यात देवी संचारली!" महाराज ओरडले.

"देवी नही रे बाबा," छबूबाईला धाप लागली होती. "चुलीवर पेज शे मन्ही. लागी जाई." आणि ती पळतच गेली.

पाटील माझ्याकडे वळले. "मंग मास्तर, ताप कसा जाई?"

"खरं सांगतो, याचं औषध अजून कुणाकडे नाही. पडून राहायचं, उकळलेलं पाणी, पेज, निराळं अंथरूण आणि गर्दीपासून लांब. अंगात ताकद टिकली, तर पुष्कळजण उठतात."

पाटलांनी तिथंच गाडीच्या फळीवर कागद ठेवून आमच्या मंडळीच्या नावानं सही केली. तिसऱ्या दिवशी तांदूळ आला, दूध सुरू झालं. नवव्या दिवशी कोकिळा उठून बसली. सगळेच उठले नाहीत. तिसऱ्या गाडीत, ताप होणारच नाही म्हणून दाटीनं बसलेल्यांपैकी अकरा जण त्याच आठवड्यात आजारी पडले आणि दोघे गेले. ताप गाडीत बसतो, महाराजांच्या करामतीचा एवढा भाग मात्र खरा होता.

म्हणून सांगतो, मुलांनो. कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला शिव्या देऊ नका आणि लगेच पायही धरू नका. नम्रपणे म्हणा, "आता उलट्या बाजूनं करून दाखवा, आणि मागे कोण उभं आहे ते आम्हाला बघू द्या." एवढं विचारल्यानं कुठलाही देव रागावत नाही. रागावलाच, तर माणूस रागावतो.