हापशीवरचा बोलणारा डबा

मी बोलतोय. तसं बोलणं हेच माझं काम आहे. पण रोज मी दुसऱ्यांनी दिलेली वाक्यं बोलतो, आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतोय.

मी पत्र्याचा पिवळा डबा. पोटात मोबाईलचं सिम, तोंडाला जाळी आणि डोक्यावर उन्हावर चालणारी छोटी पाटी. माझा जन्म विद्यापीठाच्या एका संशोधन संस्थेत झाला. नवी यंत्रं आली की माणसांचं जगणं कसं बदलतं, याचा तिथे अभ्यास चालतो. त्यांनी मारेगावच्या एका महिला संस्थेला सोबत घेतलं आणि मी या गावात आलो.

आदल्या वर्षी कापसावर फवारणी करताना जिल्ह्यातल्या कितीतरी माणसांना विषबाधा झाली होती. म्हणून मला काम दिलं, रोज सकाळी हवामान सांगायचं आणि वारा असला तर औषध अंगावर उडतं, फवारू नका म्हणायचं.

आधी मला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बसवलं. भिंत छान होती. पण सकाळी तिथे एक शेळी आणि दाराचं कुलूप, एवढेच ऐकणारे! माणसं इतक्या कष्टाने यंत्र घडवतात आणि ऐकणारे कुठे असतात ते विचारायचंच विसरतात, याचं मला नवल वाटे.

एकदा विद्यापीठातून दिपालीताई आल्या. हापशीवर बायका पाणी भरत होत्या.

"सकाळी डबा ऐकता का?" ताईंनी विचारलं.

"तो तिकडं, आमी इकडं. कसा ऐकू येईन?" जमनाबाई म्हणाल्या.

"एवढं पाणी घरी लागतं?"

"घरी कायले? फवारणीले लागते. फवारतात बाप्ये, पानी आमीच वाहून राह्यलो."

जमनाबाईंचा नवरा धावजी मजुरीने फवारणी करायचा. मागच्या हंगामात तो शेतातच भोवळ येऊन पडला होता. पुढे काही दिवस त्याला नीट दिसत नव्हतं. तेव्हापासून त्याच्या पाठीवर पंप चढला की जमनाबाई गप्प होत.

ताईंनी मला भिंतीवरून उतरवलं आणि हापशीजवळच्या कडुलिंबाला टांगलं.

एका सकाळी मी म्हणालो, "आज जोराचा वारा येईल. फवारणी करू नका." जमनाबाईंनी पाण्याचा रिकामा गुंड पालथा घातला आणि त्या त्यावर बसल्या.

विठ्ठलराव आले. धावजी त्यांच्याच शेतात फवारणार होता.

"काहून वं जमना, पानी कुठी हाय?"

"डबा नाही म्हनून राह्यला, भाऊ."

"मंग मजुरीबी डब्यालेच माग!"

बायका हसल्या, पण उठलं कोणी नाही. पाण्यावाचून औषध कालवणार कशात? धावजी रिकामा पंप घेऊन घरी गेला.

आणि वारा आलाच नाही! दिवसभर कडुलिंबाचं पान हललं नाही. पत्र्याला लाजता येत असेल, तर मी लाजलो.

संध्याकाळी विठ्ठलराव पुन्हा आले. "आला का तुह्या डब्याचा वारा? काढून फेका त्याले!"

जमनाबाई हळूच म्हणाल्या, "डबा चुकला तं एक दिवस गेला, भाऊ. फवारा चुकला तं माह्या घरचा मानूस जाते."

विठ्ठलराव वळले आणि घराकडे निघाले.

ताईंनी माझी चूक संस्थेत सांगितली. आता मी शेवटी म्हणतो, "हा अंदाज आहे, तो चुकूही शकतो." गंमत म्हणजे, तेव्हापासून बायका माझं जास्त लक्ष देऊन ऐकतात. असं का, हे मला अजून उमगलेलं नाही.

माझा रंग उडालाय, जाळीत मुंग्या राहतात. प्रयोग संपला की मला परत नेणार म्हणे. न्या, पण कपाटात ठेवू नका. दुसऱ्या गावात न्या आणि आधी विचारा, इथे पाणी कोण भरतं?

काल सकाळी विठ्ठलराव हापशीवर आले. पाय धुतल्यासारखं केलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "जमनाबाई, बोलला का आज डबा?"

"बोलनच आता. थांबा थोडं."

धावजीने पंप खाली ठेवला. हापशीचा दांडा थांबला. मी बोलू लागलो.