लाल बटण

मुलाखतीत ‘आम्ही’ म्हणायचं नाही, ‘मी’ म्हणायचं, असं थोरल्या बहिणीने तिला आठ दिवस पढवलं होतं. औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायच्या पट्ट्यावर बारा वर्षं काढलेल्या बाईला ‘मी’ म्हणायची सवय कुठून असणार? पण सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती. ही संधी हुकली की पुन्हा तोच पट्टा.

समोर मॅनेजरबाई होत्या आणि मुख्य मेकॅनिक. मेकॅनिककडे बघायचं टाळून ती बाईंसमोर बसली.

कुणी न सांगता, स्वतःच्या हिमतीवर केलेलं एखादं काम सांगा, असं बाईंनी विचारलं. उत्तर तोंडपाठ होतं: लेबलांचं कपाट लावल्याचं. ते ओठांवर आलं आणि तिचं तिलाच हसू आलं. कपाट लावायला कसली आलीय हिंमत?

“गेल्या वर्षी पट्टा आपोआप बंद पडला होता ना,” ती म्हणाली, “तो मी बंद केला.”

मेकॅनिकचं पेन थांबलं.

मग ती सुटलीच. मुलांच्या औषधावर मोठ्यांच्या डोसाचं लेबल चिकटत होतं. लाल बटणाला सुपरवायझरखेरीज कुणी हात लावायचा नाही, तशी पाटीच होती. आणि सुपरवायझर साहेब जेवायला गेलेले. तिने बटण दाबलं, बाटल्या बाजूला काढल्या, साहेबांनीच चढवलेलं लेबलांचं चुकीचं रीळ त्यांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी आपली चूक झाकायला मशीनवर खापर फोडलं. नोकरीच्या भीतीने तीही मूग गिळून बसली.

आता सगळं मुसळ केरात, असं तिला वाटलं. तरी छाती आनंदानेच धडधडत होती.

“तीन दिवस मी ते मशीन उघडून बसलो होतो,” मेकॅनिक म्हणाला. “दोष सापडेना म्हणून घास गोड लागत नव्हता.”

“दिसत होतं मला. तेव्हाच सांगायला हवं होतं, चुकलं माझं.”

पुन्हा तशी वेळ आली तर, असं बाईंनी विचारलं.

“पुन्हा दाबेन, आणि लगेच येऊन सांगेन. पण मला सुपरवायझर केलंत, तर पहिल्या दिवशी ती पाटी काढेन. उद्या मी चुकले, तर पट्टा थांबवणार कोण?”

बाईंनी मेकॅनिककडे पाहिलं. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून तिच्यासमोर ठेवला.

“पाटीला चार स्क्रू आहेत,” तो म्हणाला.

“उद्या सकाळी आठला,” बाई म्हणाल्या, “पट्टा सुरू व्हायच्या आधी काढा.”